तापलेल्या खेचराला पाणी

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या कोच हॅडलीवरचा सिनेमा माझ्या थिएटरात तीन आठवडे चालला. गावात थिएटर एकच आणि ते माझं, त्यामुळे सुटका नव्हती. इतक्या वेळा पाहिला की आता कुठे शिट्टीचा आवाज आला तरी मी कान झाकतो. रोज त्याच जागी लोक रडायचे, रोज त्याच जागी टाळ्या वाजवायचे, आणि मी बाहेर पॉपकॉर्नवर पातळ लोणी ओतत उभा असायचो. धंदा झकास झाला, हेही सांगून टाकतो. किळस येते म्हणून कोणी दुकानाला कुलूप लावत नाही.

पण मला कोचबद्दल सांगायचं नाही. त्याच्यासाठी गावात पुतळा आहे, रस्ता आहे, शाळा आहे, आणि आता हा सिनेमा. मला सांगायचंय ते ओपल मॅकेल्वीबद्दल. ती त्या सिनेमात जेमतेम मिनिटभर दिसते, आणि नेमकं त्याच मिनिटाला सगळं थिएटर नाकं शिंकरतं.

ओपलने आयुष्यभर शाळेच्या भोजनगृहात वाढपाचं काम केलं. मी सात वर्षांचा असल्यापासून तिच्या हातची घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव खाल्ला. अंगाने काटकुळी, आवाजाने फाटकी, आणि एका बाबतीत हट्टी. ताट पुढे केलं की म्हणायची, "आधी पाणी पी. माझ्यासमोर पी." पेला रिकामा झाल्याशिवाय वाढायची नाही. तिच्या घराच्या ओसरीवर बारा महिने बर्फाच्या पाण्याची झाकलेली किटली आणि पालथे घातलेले पेले. पोस्टमन असो, गॅसचा मीटर बघणारा असो, नाहीतर देवाची पत्रकं वाटणारे असोत, प्यायल्याशिवाय कोणी पायरी उतरत नसे. कुंपणापाशी कुत्र्यांसाठी वेगळं पातेलं. आम्ही पोरं तिला मागून 'टाकी' म्हणायचो. "टाकी आली रे, पोट फुटेस्तोवर पाजणार!"

आणि ती फुटबॉलला जायची नाही. आमच्या टलिसमध्ये चर्चला न जाणाऱ्याला लोक सांभाळून घेतात, फुटबॉलला न जाणाऱ्याला नाही. शनिवारी सामना असला की दुकानं बंद, लग्नं बंद, आणि मेलेल्यालाही सोमवारपर्यंत कळ काढावी लागते. त्या दिवशी ओपल अंगणात धुणं वाळत घालायची. स्टेडियममधून सत्तर हजार गळ्यांची आरोळी आली तरी चादरीचं टोक हातातून सुटायचं नाही.

त्याचं कारण वेंडेल. तिचा थोरला भाऊ. डोंगराकडच्या शेतातून आलेला, खांद्याने दार भरेल असा पोरगा, घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस. गेला तोही फुटबॉलमुळेच. त्रेसष्ट सालच्या ऑगस्टमध्ये हंगामाआधीच्या सरावात मैदानावर कोसळला आणि संध्याकाळच्या आत संपला.

कोच हॅडली लहानपणी खेचरांमागे नांगर धरून वाढलेला. आमच्या संघाचं नावही 'म्यूल्स', म्हणजे खेचरंच. डोंगराकडचा प्रत्येक शेतकरी तेव्हा एक गोष्ट छातीठोक सांगायचा: तापलेल्या खेचराला पाणी देऊ नये, पोट धरतं आणि जनावर हातचं जातं. आधी सावलीत निववा, मग पाजा. कोचने हे शहाणपण शेतातून उचललं आणि मैदानात आणलं. सराव संपेपर्यंत पोरांना थेंब नाही. चूळ भरायलाही नाही. पोरं स्वतःच्या घामाने भिजलेले सदरे चोखायची. हे मला कोणी तक्रार म्हणून सांगितलेलं नाही, म्हातारे खेळाडू माझ्या काउंटरशी उभे राहून अभिमानाने सांगतात. "आम्ही सदरे चोखले रे, म्हणून माणसं झालो!" ते वाक्य आता लॉकररूमच्या दारावर आहे, टोप्यांवर आहे, तान्ह्या बाळांच्या झबल्यांवरसुद्धा आहे.

वेंडेलचं हृदय जन्मापासून कमजोर होतं, असं कोचने पेपरवाल्याला सांगितलं, पेपरवाल्याने गावाला सांगितलं, आणि गावाने मॅकेल्वींनाच ऐकवलं. दफनाला कोच आला. ओपलच्या बापाने डोक्यावरची हॅट काढली आणि म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाही, कोच. मीसुद्धा माझ्या खेचराला देत नाही." ओपल तेव्हा चौदा वर्षांची. कोचबद्दल ती पुढे बरंच काही बोलायची, बापाच्या या वाक्याबद्दल मात्र बोलताना तिचे ओठ पांढरे पडायचे.

त्याच दुपारी गस हॉलिस त्यांच्या स्वयंपाकघरात आला. वेंडेलच्या शेजारी उभा राहून खेळणारा, त्याचा खोलीतला सोबती. ओपल दाराआड होती. गस तिच्या आईला म्हणाला, "तो पाणी मागत होता, मावशी. पडेपर्यंत मागत होता." आईने त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. गसने तो ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवून निघून गेला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा मैदानावर, आणि ओपलने वाटेत गाठून विचारलं तर म्हणाला, "मी? मी असं कधी बोललो? त्याचं हृदयच कमजोर होतं." मग तो कप्तान झाला, मग मोटारींचा मोठा विक्रेता, मग संघाच्या पाठीराख्यांच्या म्यूल क्लबचा अध्यक्ष. गर्द तांबडं जाकीट घालून प्रत्येक सामन्याला पहिल्या रांगेत.

पोरीने काय केलं, तर बापाची खेचरी डॉली हिला भर दुपारी बाहेर काढली आणि तोंडाला फेस येईपर्यंत वावरात फिरवली. मग तिच्यापुढे काठोकाठ भरलेली बादली ठेवली. डॉलीने ती संपवली. दुसरीही संपवली. ओपल झाडाखाली बसली, जनावर मरतं का ते बघत. डॉलीने शेपूट उडवली, दोनदा सणसणीत पादली, आणि गवत खायला लागली. ओपल धावत घरी जाऊन बापाला म्हणाली, "वेंडेल खेचर नव्हता. आणि खेचरसुद्धा मरत नाही!" बापाने तिच्या थोबाडीत ठेवून दिली. त्या घरात हा विषय तिथे संपला, ओपलसाठी तो कधी संपला नाही.

आता इतक्या वर्षांनी सिनेमावाले आले. ट्रक आले, दिवे आले, आणि आमच्या गावाने जी लाळ गाळली ती बघवत नव्हती. बेकरीवाल्याने कोचच्या तोंडवळ्याचा केक केला, आणि नाकाचा तुकडा कोणाला मिळणार यावरून महापौर आणि पाद्री यांच्यात जुंपली. बायका रांगेत उभ्या राहून कोचची भूमिका करणाऱ्या नटाचे हात हातात घ्यायच्या. कोचला जाऊन वीस वर्षं झालीत, हा नट दाढीला पावडर लावून बसलेला, आणि त्यांचे डोळे भरून येत होते. नटाला काय, त्याने सगळ्यांना आशीर्वाद दिले.

ओपलने मला फोन केला. "लॉयड, त्या दिग्दर्शकाकडे जायचंय. गाडी काढ. आणि शर्ट धुतलेला घाल."

चर्चला जायचा निळा झगा घालून ती मोटेलमध्ये गेली. दिग्दर्शक कॅलिफोर्नियाचा, पायात चपला, दाढी राखलेली, बोलणं लोण्यासारखं. शेजारी सल्लागार म्हणून गस हॉलिस बसलेला. ओपल उभीच राहिली.

"माझं एकच मागणं आहे," ती म्हणाली. "कोचला देव करायचं तर करा, मी आडवी येणार नाही. पण माझ्या भावाने पाणी मागितलं होतं. एवढं एक वाक्य सिनेमात बोलू द्या त्याला."

"ओपल, अगं त्याचं हृदय..." गसने सुरुवात केली.

"तू गप रे. तुला विचारलं की बोल." ती दिग्दर्शकाकडे वळली. "सगळं गाव म्हणतं, तापलेल्या खेचराला पाणी देऊ नये. माझा भाऊ खेचर नव्हता, साहेब."

दिग्दर्शकाने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांत पाणीबिणी आणलं. "मिस ओपल, केवढं मोठं बोललात! सिनेमात पाणी असेल. शब्द देतो तुम्हाला."

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "माणूस बरा वाटला." मलाही वाटला. साठी उलटली तरी आपली अक्कल कुठे गहाण पडते ते कळत नाही.

चित्रीकरण जुन्या सरावाच्या मैदानावर, ऑगस्टच्या दुपारी. फाटकावर पाटी होती की आत येणाऱ्याचं चित्र घेतलं जाईल आणि सिनेमात वापरलं जाईल. ती वाचायला कोणाला सवड होती? सगळं गाव छत्र्या, बर्फाच्या पेट्या आणि गोड थंड चहा घेऊन प्रेक्षकांच्या फळ्यांवर बसलेलं. मैदानात कॉलेजची पोरं, अंगात त्या काळचे जाड लोकरी सदरे. दिग्दर्शकाला खरी तहान हवी होती. रंग लावून फाटलेले ओठ त्याला चालत नव्हते. म्हणून त्याने कर्ण्यातून सांगितलं, शॉट पुरा होईपर्यंत कोणी पाणी पिणार नाही.

मला वाटलं गाव चपापेल. गावाने टाळ्या वाजवल्या! "कोच असता तर खूश झाला असता!" कोणीतरी ओरडलं. माझ्या पुढच्या फळीवर बसलेली बाई शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "आमच्या टायलरचे ओठ बघ ना, काय सुंदर फाटलेत!" तिच्या हातातल्या चहाच्या पेल्यात बर्फ किणकिणत होता. मला तिथेच ओकारी आली असती तर बरं झालं असतं, निदान तिच्या पाठीवर पडली असती. मांडवाखाली कोचचा नट पायावर पाय टाकून, तोंडावर हातातला छोटा पंखा धरून, नळीने काहीतरी हिरवं ओढत होता.

वेंडेलचं काम करणारा पोरगा तिसऱ्या फेरीला डगमगला. चौथीला गुडघ्यावर आला. ते सोंग नव्हतं, त्याच्या मानेवरचा घामच सुकला होता. दिग्दर्शक ओरडला, "चालू ठेवा! कॅमेरा चालू ठेवा!"

ओपल माझ्या शेजारून उठली. कंबर कामातून गेलेली, तरी मांडवाखालची बर्फाच्या पाण्याची बादली तिने उचलली, कागदी पेल्यांची चळत काखेत मारली आणि मैदानात चालायला लागली. पाणी हिंदकळून निळ्या झग्यावर पडत होतं. गस तांबड्या जाकिटात धापा टाकत आडवा आला.

"ओपल, शॉट चालू आहे!"

"मग चालू दे की."

ती त्या पोरापाशी बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "हळू. हळू पी, बाळा. खूप आहे. कोणी नेत नाही." मग बाकीची पोरंही तिच्याभोवती गोळा झाली, आणि ती भोजनगृहात म्हणायची तसं म्हणत गेली, माझ्यासमोर पी, माझ्यासमोर पी.  दिग्दर्शकाने कर्णा खाली ठेवला. मी मनात म्हटलं, लाजला बेटा. तो लाजला नव्हता. तो चित्र घेत होता.

सिनेमा आला. पहिल्या खेळाला ओपल तिसऱ्या रांगेत, तोच निळा झगा घालून. तो प्रसंग आला. पडद्यावर पोरगा कोसळतो. कोचचा चेहरा जवळून दिसतो, डोळ्यांत पाणी. व्हायोलिनं सुरू होतात. कोच हलकेच मान वळवतो आणि कोणाला तरी खूण करतो. आणि त्याची खूण होताच, बादली घेऊन, लंगडत, ओपल येते. तिच्या चित्रावर कोचचा भरदार आवाज ऐकू येतो, "तापलेल्या खेचराला पाणी देऊ नये. पण माझी पोरं खेचरं नाहीत." वेंडेल पाणी पितो. हसतो. "थँक यू, कोच," म्हणतो. आणि मग इस्पितळाच्या पांढऱ्या चादरीत, कोचच्या हातात हात देऊन, कमजोर हृदयाने शांतपणे मरतो.

दिग्दर्शकाने शब्द पाळला होता. सिनेमात पाणी होतं.

चोराने घर लुटावं, तिथवर समजू शकतो. पण लुटून झाल्यावर घरधनिणीलाच पाहुण्यांना सरबत द्यायला उभं करावं, याला काय म्हणायचं? तिचं वाक्य घेतलं, तिचं पाणी घेतलं, आणि दोन्ही त्या माणसाच्या पदरात घातलं ज्याने पोराला तडफडू दिलं होतं. आणि माझं गाव अंधारात हुंदके देत होतं. मी दाराशी उभा राहून ओपलच्या मानेकडे बघत होतो. मान हलली नाही.

बाहेर आल्यावर लोकांनी तिला गराडा घातला. "मिस ओपल, तुम्ही तर स्टार झालात!" "कोचने नुसती खूण केली आणि तुम्ही धावलात, बाई गं, रडूच कोसळलं!" एका बाईने तर तिच्या गालाला गाल लावून फोटो काढला. त्यात गस आला, डोळे लाल, जाकिटाच्या बाहीने नाक पुसत.

"बघितलंस ना, ओपल? असा होता गं आपला कोच."

ओपलने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "लॉयड, पाणी दे." मी कागदी पेला भरून दिला. तिने तो गसच्या तोंडापुढे धरला.

"पी."

"मला तहान नाही."

"आईने दिलेलं पाणीही तू तसंच टाकून गेलास. का रे? तेव्हाही तहान नव्हती?"

गसने पेला घेतला. ऐंशीचा म्हातारा, अर्धं पाणी जाकिटावर सांडलं. उरलेलं ओठांपर्यंत नेलं आणि तिथेच थांबला.

"जात नाही गं खाली," तो म्हणाला. "तेव्हाही गेलं नाही."

"का?"

"तो मागत होता म्हणून."

"कोण? नाव घे."

"वेंडेल." आता तो मोठ्याने बोलत होता, सगळ्यांना ऐकू येईल असं. "वेंडेल पाणी मागत होता. माझ्या कानापाशी. कोच म्हणाला, खेचर काम झाल्यावर पितं. आणि मी सरळ समोर बघत उभा राहिलो, ओपल. मीसुद्धा."

पॉपकॉर्नच्या यंत्रात शेवटचे दाणे फुटत होते. मला वाटलं, आता काहीतरी होईल. झालं असं की क्लबच्या खजिनदाराची बायको पुढे आली आणि गसच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "दमलात हो तुम्ही. आज गाडी चालवू नका हं." दुसऱ्या दिवशी सकाळी चहाकॉफीच्या वेळेपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं की गस हॉलिसचं डोकं चालेनासं झालंय. आठवड्याच्या आत क्लबने त्याला विश्रांती दिली. निरोपाला केक होता. त्याच बेकरीचा.

आणि हंगाम सुरू झाला. सामन्याला जाताना पुतळ्याच्या गळ्यातल्या शिट्टीला हात लावायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. यंदा लोकांनी तिला नवी जोडली. सिनेमा बघून आलेले लोक कोचच्या पायाशी पाण्याच्या बाटल्या ठेवायला लागले. सीलबंद, तांबडी रिबीन बांधलेल्या. पहिल्या शनिवारी पुतळा गुडघ्यांपर्यंत बुडाला. आयुष्यात कोणाला चूळ भरू दिली नाही त्या माणसापुढे पाण्याचा नैवेद्य! शेजारून बँडची पोरं उन्हात पितळी वाद्यं ओढत जात होती, त्यांच्यापैकी एकाने बाटलीला हात लावला तर रखवालदार वसकन अंगावर गेला. मी तिथे थुंकलो. पुतळ्यावर थुंकायचं धाडस झालं नाही, कडेला थुंकलो.

रविवारी सकाळी ओपलचा फोन. "लॉयड, ट्रक आण." गाव चर्चमध्ये होतं. आम्ही पुतळ्यापाशी पोचलो तर तिथे आधीच कोणीतरी वाकून बाटल्या खोक्यात भरत होतं. गस. अंगात जाकीट नव्हतं. त्याने भरलेलं खोकं ओपलने दुसऱ्या बाजूने धरलं.

दफनभूमीतलं गवत उन्हाने करपून पिवळं पडलं होतं. वेंडेलच्या दगडापाशी मी खोकी उतरवली. ओपलने पहिल्या बाटलीची रिबीन काढून खिशात टाकली, झाकण फिरवलं आणि दगडाच्या पायथ्याशी पाणी ओतलं. माती तडतडली आणि पिऊन गेली. दुसरी ओतली. गस खाली बसून झाकणं उघडून देत होता, त्याची बोटं वळत नव्हती, दातांनी उघडत होता. मी रिकाम्या बाटल्या गोळा करत होतो.  चर्च सुटल्याची घंटा झाली, रस्त्यावरून गाड्या जायला लागल्या, काही हळू झाल्या, बघितलं, पुढे गेल्या. पाणी आता मुरेनासं झालं होतं, शेजारच्या दगडांना वळसा घालून उताराला लागलं होतं, आणि खोकी अजून बाकी होती.

गसने कपाळावरचा घाम पुसला. "ओपल," तो म्हणाला, "किती ओतायचं अजून?"

ओपलने त्याच्या हातातली बाटली घेतली.

"तो पुरे म्हणेपर्यंत."